बावची, ऊन आणि मात्रा

काही महिन्यांपूर्वी औषधनिर्माणशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी आमच्या मराठी विभागात चार पानांची प्रश्नावली घेऊन आली. अंगावरील पांढऱ्या डागांसाठी लोक घरच्या घरी कोणती तेले लावतात आणि ती लावून उन्हात किती वेळ बसतात, याची माहिती तिला गोळा करायची होती. मूळ प्रश्नावली इंग्रजीत होती. तिचे मराठी रूप 'भाषेच्या माणसांकडून' तपासून घ्यावे, असे तिच्या मार्गदर्शकांनी सुचवले होते. अशी कामे आमच्याकडे अधूनमधून येतात आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारून आम्ही ती परत करतो. या वेळी मात्र पहिल्याच ओळीला अडलो. 'व्हिटिलिगो' या शब्दासमोर तिने 'श्वेतकुष्ठ' लिहिले होते.

आमच्यापैकी एकाने 'कोड' सुचवला, दुसऱ्याने 'पांढरे डाग'. तिसरे सहकारी रावेरकडचे. त्यांच्या गावाहून जळगावपेक्षा बऱ्हाणपूर जवळ. ते म्हणाले, "'कोड' लिहाल तर आमच्याकडचा हिंदी बोलणारा माणूस 'कोढ' वाचील, आणि कोढ म्हणजे त्याच्या लेखी महारोग." शब्द एकच, सातपुडा ओलांडला की रोग बदलतो. त्या दिवशी प्रश्नावली तशीच राहिली आणि या शब्दाच्या व त्यामागच्या उपचाराच्या मागे आम्ही बरेच दिवस लागलो. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडीत आहोत. आम्ही वैद्य नाही, रसायनशास्त्रज्ञ तर मुळीच नाही. ग्रंथ आणि शब्द वाचणे एवढाच आमचा अधिकार.

संस्कृत 'कुष्ठ', प्राकृत 'कुट्ठ' आणि 'कोढ', त्यातून मराठी 'कोड', गुजराती 'कोढ', हिंदी 'कोढ' ही परंपरा सरळ आहे. (कोडकौतुकातला 'कोड' वेगळा, त्याचे मूळ प्राकृतातील 'कोड्ड' या शब्दाकडे जाते. आणि 'पिन कोड'मधला तिसराच. एका शब्दरूपात माया, व्याधी आणि टपालखाते एकत्र नांदावेत ही मराठीची मौज.) गुजरातीने आणि मराठीने हा शब्द पांढऱ्या डागांपुरता ठेवला व महारोगासाठी 'रक्तपित्त', 'रक्तपिती' असे शब्द वापरले. हिंदीने 'कोढ' महारोगाला दिला आणि पांढऱ्या डागांना 'सफेद दाग' म्हटले. खानदेश या तिन्ही भाषांच्या तोंडावर बसलेला प्रदेश. नवापूरकडचा गुजराती बोलणारा, सेंधव्याकडचा हिंदी बोलणारा आणि धुळ्याचा मराठी बोलणारा एकाच दवाखान्याच्या बाकावर बसून एकच शब्द ऐकतात आणि भिन्न गोष्टी समजतात. त्यात शिष्ट मराठीने 'श्वेतकुष्ठ' हा संस्कृत शब्द सन्मानाने वर चढवला, तेव्हा लोकभाषेने कष्टाने केलेला भेद विद्वत्तेने पुसून टाकला.

प्राचीन वैद्यकात हा भेद होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. 'कुष्ठ' हे तेथे एका रोगाचे नाव नाही. अठरा प्रकारच्या त्वचाविकारांचे ते गोत्रनाम आहे. श्वित्र किंवा किलास, म्हणजे पांढरे डाग, त्याच अध्यायाच्या शेवटी येतो, पण वेगळा काढून. सुश्रुताने तर भेदाचे लक्षणही दिले आहे: किलास फक्त त्वचेत राहतो आणि तो स्रवत नाही. आजचा त्वचारोगतज्ज्ञ जवळपास हेच सांगेल. महारोग जंतूंमुळे होतो आणि त्यात मज्जातंतू बधिर होतात. पांढऱ्या डागांत जंतू नसतात, बधिरता नसते, संसर्ग नसतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटलेली असते.

आणि तरीही या माणसांचे लग्न मोडते. 'नितळ' (२००६) हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढे काही सांगायला नको. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभारलेल्या 'श्वेता असोसिएशन'ने या रुग्णांचे मेळावे भरवले, वधूवर मेळावेही भरवले. असे मेळावे भरवावे लागतात यातच सगळे आले. हिंदू विवाह कायद्यात (१९५५) महारोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते वगळायला २०१९ साल उजाडावे लागले. पांढऱ्या डागांचे नाव त्या कलमात कधीच नव्हते. पण सोयरिकीच्या बैठकीत कलमे वाचत नाहीत, शब्द वाचतात.

या कथेत तेलाचा प्रवेश आधी खऱ्या कुष्ठाच्या बाजूने होतो. डॉ. भाऊ दाजी लाड (१८२४–१८७४) यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाने महारोगावर उपचार करण्याचे जे प्रयत्न मुंबईत केले ते सर्वश्रुत आहेत. आपल्या वाचकांना ते अजिंठ्याच्या शिलालेखांचे अभ्यासक म्हणून अधिक परिचित असतील. एकच माणूस दगडावरील पुसट अक्षरे आणि कातडीवरील व्रण वाचत होता, हे एकोणिसाव्या शतकाचे वैशिष्ट्य. आज त्यासाठी दोन विद्यापीठे लागतील. कवठीच्या तेलाचा प्रकाशाशी संबंध नव्हता. प्रकाशाशी संबंध आहे तो दुसऱ्या एका बीचा, आणि ती आमच्या बांधांवर उगवते.

बावची हे कंबरेएवढे वाढणारे वर्षायू झुडूप. खानदेशच्या काळ्या जमिनीत ते शेताच्या कडेला, पडीत तुकड्यात तणासारखे येते. पान गोलसर, कडा दातेरी, पृष्ठभागावर ठिपक्यांसारख्या तेलग्रंथी. फुले बारीक, निळसर जांभळी. शेंगेत एकच बी, काळी, शेंगेच्या सालीला चिकटलेली. चुरडली की उग्र वास. बाकुची, अवल्गुज, सोमराजी, कृष्णफला ही तिची संस्कृत नावे. लिनियसने १७५३ साली तिला 'सोरालिया कोरिलिफोलिया' म्हटले. यातला 'सोरालिया' ग्रीक 'सोरा'वरून, म्हणजे खरूज. पानावरचे ठिपके पाहून दिलेले हे नाव. औषधी उपयोगाशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे या झाडातील रेणूला 'सोरालेन' नाव पडले, आणि त्याच ग्रीक धातूवरून नाव मिळालेल्या 'सोरायसिस' या रोगावर तो वापरला जाऊ लागला. ठिपक्यांवरून पडलेले नाव फिरून कातडीवर आले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे झाडाचे नाव 'क्युलेन कोरिलिफोलियम' असे बदलले आहे. रेणूने मात्र जुने आडनाव सोडलेले नाही.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तेविसावे आणि चोविसावे सूक्त या उपचाराचा पहिला पुरावा म्हणून जगभरच्या वैद्यकीय लेखांतून सांगितले जाते. आम्ही दोन्ही सूक्ते काढून वाचली. त्यांत किलास आहे, पांढरे केसही आहेत. काळी, सावळी, रंग देणारी एक वनस्पती आहे, आणि तिला हा डाग रंगवून टाक अशी प्रार्थना आहे. पण सूर्य नाही. उलट ती वनस्पती रात्री जन्मलेली आहे. येथला तर्क रंगाचा आहे: काळ्याने पांढऱ्याला आपला रंग द्यावा. ही वनस्पती म्हणजे बावचीच, हेही सूक्त सांगत नाही. ते नंतरच्यांनी जुळवले. बावचीचे 'सोमराजी' हे नावसुद्धा चंद्राचे. तेव्हा 'वेदांत प्रकाशोपचार' असे जे वाक्य एका शोधनिबंधातून दुसऱ्यात उतरवले जाते, ते मूळ न वाचता उतरवले जाते असे आम्हांला म्हणावेसे वाटते. त्या सूक्तांची थोरवी दुसरीकडे आहे. डाग पडलेल्या माणसाला त्यांत कोणी पापी म्हटलेले नाही.

सूर्य येतो तो चरकसंहितेत, चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात. रुग्णाला आधी मलपू या झाडाचा रस गुळासह द्यावा. टीकाकार मलपू म्हणजे काळा उंबर समजतात. मग अंगाला तेल-तूप लावून त्याने सूर्याचा ताप सेवन करावा; डागांवर फोड आले तर ते काट्याने फोडावेत. उंबराच्याच कुळातील अंजिराच्या चिकात सोरालेन-वर्गातील द्रव्ये असतात हे आता माहीत आहे, त्यामुळे हा क्रम निव्वळ योगायोग वाटत नाही. वाग्भटाच्या श्वित्रचिकित्सेत बावचीची बी हरताळ व गोमूत्राबरोबर येते. चरकाच्या त्या विधानात एक शब्द आहे, 'यथाबल'. ऊन किती घ्यावे? तर यथाबल, रुग्णाच्या शक्तीप्रमाणे. या सबंध इतिहासाची कळ आम्हांला या एका शब्दात दिसते. वनस्पती ठाऊक होती, सूर्य ठाऊक होता, दोघांच्या भेटीने त्वचा भाजते आणि नंतर तेथे रंग येतो हेही ठाऊक होते. 'यथाबल' हा शब्द मात्र जवळजवळ दोन हजार वर्षे आकड्यावाचून राहिला.

त्याच अध्यायात थोडे पुढे किलासाची कारणे दिली आहेत: खोटे बोलणे, कृतघ्नपणा, देवनिंदा, गुरूचा अपमान, पूर्वजन्मीचे कर्म. उपचार आणि कलंक एकाच अध्यायात शेजारी शेजारी. परंपरेचा अभिमान बाळगणारे पहिला भाग उद्धृत करतात, परंपरेवर रागावलेले दुसरा. आम्ही वर्गात दोन्ही एकत्र वाचायला देतो.

असाच शोध नाईलच्या आणि मगरिबच्या बाजूलाही स्वतंत्रपणे लागला होता. तेराव्या शतकातील अरबी वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार याने तेथील 'आतरिलाल' नावाच्या झाडाचे बी खाऊन उन्हात बसण्याचा उपचार नोंदवला आहे. ओव्याच्या कुळातले हे झाड, म्हणजे बावचीचे कुठलेच नाते नाही. पण रेणू त्याच घराण्यातला.

विसाव्या शतकात हालचाल वेगाने झाली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकसंस्थेत कर्नल रामनाथ चोप्रा यांनी १९२०च्या दशकात बावचीच्या तेलाचा अभ्यास केला. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या तिघा भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बीमधून सोरालेन वेगळे काढले. १९४७ च्या सुमारास कैरोत आतरिलालमधून त्याचे भावंड वेगळे झाले आणि लगेच अब्देल मोनेम अल मोफ्ती यांनी ते पांढऱ्या डागांच्या रुग्णांवर वापरून पाहिले. १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गोवर्धन मेहता, नायक आणि सुखदेव यांनी बावचीतील आणखी एका द्रव्याची ओळख पटवली व त्याला 'बाकुचिओल' असे नाव दिले. आज परदेशी सौंदर्यप्रसाधनांच्या महागड्या बाटल्यांवर हा शब्द झळकतो. तो आपल्या बाकुचीचा आहे आणि त्याचे बारसे पुण्यात झाले, हे बाटलीवर लिहिलेले नसते. १९७४ साली बोस्टनमध्ये पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि भारतातून तिकडे गेलेले एम. ए. पाठक यांनी तीव्र सोरायसिसवर सोरालेनची गोळी आणि दीर्घ लहरींचे अतिनील किरण यांचा जोड-उपचार प्रसिद्ध केला. 'पुवा' हे त्याचे लघुनाम. आपल्याकडे यंत्राऐवजी सूर्य वापरतात, म्हणून 'पुवासोल'.

हे घडते कसे? सोरालेनचा रेणू चपटा असतो. पेशीतील जनुकीय शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये तो सरकून बसतो आणि अंधारात काहीच करत नाही. ३२० ते ४०० नॅनोमीटर लहरींचा प्रकाश पडला की तो त्या शिडीला चिकटतो. त्वचेतील उपद्रवी संरक्षक पेशी त्यामुळे थंडावतात आणि रंगपेशींना जाग येते. त्या पेशी येतात कोठून, हे पाहण्यासारखे आहे. डागातल्या रंगपेशी नष्ट झालेल्या असतात, पण केसाच्या मुळाशी, खोलवर, त्यांची बीजे शिल्लक राहतात. म्हणून रंग परत येतो तो आधी केसांभोवती, तिळातिळाने. मग ते तीळ एकमेकांना मिळतात. जेथे केस नाहीत, म्हणजे बोटांची टोके, ओठ, तळवे, तेथे हा उपचार हट्टी ठरतो. डागावरचा केसच पांढरा झाला असेल तर आशा कमी. लोकांना हे अनुभवाने माहीत होते. कारण आता कळले.

आकडा मिळाला, तशी किंमतही कळली. १९७९ साली स्टर्न आणि सहकाऱ्यांनी पुवा घेतलेल्या रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दाखवले. सोरालेन आणि अतिनील किरणांची ही जोडी आज कर्करोगकारक म्हणून निश्चित झालेल्या गोष्टींच्या जागतिक यादीत आहे. १९९७ साली ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी सोरालेनवाचून, ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील प्रकाशाने पांढऱ्या डागांत चांगला गुण येतो असे दाखवल्यावर मोठ्या शहरांतून पुवा मागे पडले. २०२२ साली अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या मलमाला मान्यता मिळाली. अर्थात बावची आता अपरिहार्य राहिलेली नाही. हे न सांगता तिचे गुणगान करणे अप्रामाणिक होईल.

पण अरुंद पट्ट्याच्या दिव्याखाली आठवड्यातून दोनतीनदा, महिनोनमहिने जावे लागते. तोरणमाळच्या पाड्यावरून, पालच्या जंगलातून हे कसे जमावे? एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि 'रोज कुठे जाता' असा गावाचा प्रश्न. म्हणून खानदेशात तेल आणि ऊन हाच सामान्य माणसाचा उपचार राहिला आहे. आणि येथेच तो धोक्याचा आहे, कारण आमच्या उन्हाला 'यथाबल' माहीत नाही. जळगाव-भुसावळकडचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो. महिन्याच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. बावचीचे कच्चे तेल चोळून अशा उन्हात गच्चीवर अर्धा तास बसलेल्या माणसाच्या अंगावर जे फोड उठतात ते भाजल्याचे असतात, आणि भाजलेल्या जागी कधीकधी नवाच डाग पडतो. डॉक्टर सांगतात ते तीनपाच मिनिटांपासून सुरुवात, कोवळे पण पुरेसे ऊन, डोळ्यांना काळा चष्मा. घरगुती उपाय म्हणून बावचीचे चूर्ण पोटात घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. 'झाडपाल्याचे आहे, अपाय होत नाही' हे वाक्य मराठीतून हद्दपार करता आले तर बरे.

आता वाहकांकडे येऊ, कारण ती विद्यार्थिनी ज्या विषयावर काम करते तो हाच. तिच्या प्रबंधात 'नॅनोकॅरिअर' हा शब्द होता आणि तिने त्याचे 'नॅनो-वाहक' केले होते. 'वाहक' म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर एसटीतला तिकिटे फाडणारा गृहस्थ उभा राहतो. पण विचार केल्यावर शब्द वाईट वाटेना. औषध नेमक्या थांब्यावर उतरवणे हेच त्याचे काम. आपल्या वैद्यकाला ही कल्पना अपरिचित नाही. मधाला तेथे 'योगवाही' म्हटले आहे, ज्याच्या संगतीत जाईल त्याचे गुण वाहून नेणारा. तूप संस्काराप्रमाणे द्रव्याचे गुण घेते आणि आपले सोडत नाही, असे चरक सांगतो. शंभर वेळा धुतलेले शतधौत घृत हातात घेऊन पाहा: तुपाचा रवा मोडतो, ते पांढरे, मऊ, मलईसारखे होते. मात्र याला 'प्राचीन नॅनोतंत्र' म्हणणारी जी भाषणे हल्ली ऐकू येतात त्यांत आम्ही सामील होऊ इच्छित नाही. परातीत तूप धुणाऱ्या वैद्याला त्वचेची जाण होती. मोजमापाचे साधन नव्हते, आणि नव्हते म्हणून तो लहान ठरत नाही.

अडचण अशी आहे. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर अवघा पंधरा-वीस मायक्रॉन जाड, पण फार चोख पहारेकरी. सोरालेन पाण्यात विरघळत नाही. तेलात विरघळते, पण तेल वरच पसरते, कोठे जास्त कोठे कमी, कपड्याला पुसले जाते. म्हणून काही ठिकाणी फोड आणि काही ठिकाणी काहीच नाही. तेलाचे थेंब केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान केले तर ते सारखे पसरतात आणि औषध हळूहळू सोडतात. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बँगहॅम यांनी मेदाच्या सूक्ष्म पिशव्या, लायपोसोम, दाखवल्या. नव्वदच्या दशकात घन मेदाचे नॅनोकण आले. २००८ च्या सुमारास दिल्लीच्या जामिया हमदर्दमधील संशोधकांनी बावचीच्या तेलाचेच सूक्ष्म पायस करून त्यावर काम प्रसिद्ध केले. येथे तेल नुसता वाहक नाही, औषधही तेच.

घन मेद म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला अमळनेर पुरेसे आहे. २०२४ साली जेथे साहित्य संमेलन भरले, जेथे साने गुरुजींनी शिकवले, त्याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. आमच्या शेंगदाण्याच्या मुलखात द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवायचे आणि 'वनस्पती' म्हणून डब्यात भरायचे, हा तिचा धंदा. विप्रो ती हीच. तेलाला घट्टपणा देण्याचे हे रसायन आणि नॅनोकणांसाठी लागणाऱ्या घन मेदांचे रसायन यांची जात एक. फरक शुद्धतेचा आणि आकाराचा. मे महिन्यात अमळनेरच्या दुकानात वनस्पतीचा डबा पातळ झालेला असतो हे येथल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. त्वचेवर लावायच्या कणाला मात्र घनच राहिले पाहिजे, नाहीतर औषध एकदम सुटते. म्हणून त्यासाठी पन्नास-साठ अंशांच्या वर वितळणारे मेद घेतात. शिवाय मेद फार नीट गोठला तर औषधाला बाहेर ढकलतो, जसे रवाळ तुपात पातळ तूप वेगळे होऊन वर येते. त्यावर उपाय म्हणजे घन मेदात थोडे द्रव तेल मुद्दाम मिसळायचे, की स्फटिकांची रचना विस्कटून औषधाला फटी मिळतात. बावचीचे तेल हे काम आयतेच करते.

आणि या सगळ्यात जी गोष्ट आम्हांला सर्वांत विलक्षण वाटली ती अशी: त्वचेवर चोळलेले काहीशे नॅनोमीटर आकाराचे कण केसांच्या मुळांत जाऊन साठतात. रंगपेशींची बीजे दडलेली असतात तीही तेथेच. वाहकाचा थांबा आणि रुग्णाचे घर एकच निघाले.

हळदीचीही हीच गोष्ट, थोडी निराळी. म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला १९०० च्या सुमारास आढळले की ॲक्रिडीन हा रंग अंधारात सूक्ष्मजीवांना मारीत नाही, उजेडात मारतो. प्रकाश झेलून आपल्याभोवतीच्या प्राणवायूला आक्रमक बनवणाऱ्या अशा रंगांचे पुढे एक उपचारशास्त्र झाले. सोरालेनची करणी याहून वेगळी, त्याला प्राणवायूची गरज पडत नाही. हळदीतील पिवळा कर्क्युमिन निळा प्रकाश शोषतो आणि प्रयोगशाळेत राबच्या रंगासारखा वागतो. पण तोही पाण्यात विरघळत नाही आणि उजेडात लवकर विटतो, म्हणून त्यालाही तेलाच्या थेंबात दडवून न्यावे लागते. सध्या एवढेच.

शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेत नॅनो-वाहकांवर बरेच संशोधन होते. चोपडा, फैजपूर अशा गावांतूनही औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वी हे विषय मुंबईबाहेर कोणी काढले नसते. तरी सावधपणे म्हणावे लागते की, बावचीचे तेल आणि नॅनो-वाहक यांवरचे जगभरातले बहुतेक काम अजून उंदरांच्या कातडीवर आणि काचेतील पेशींवर आहे. माणसांवरच्या चाचण्या थोड्या. प्रबंध मंजूर होतो, शोधनिबंध छापला जातो, आणि पालच्या पाड्यावरचा माणूस बाजारातून बावचीचे तेल तोळ्याच्या मापानेच आणतो. यात त्या विद्यार्थ्यांचा दोष नाही. औषध बाटलीत यायला जो पैसा आणि जी वर्षे लागतात ती पीएचडीच्या मुदतीत बसत नाहीत.

त्या मुलीची प्रश्नावली शेवटी आम्ही परत केली. 'श्वेतकुष्ठ' काढून 'अंगावरील पांढरे डाग' असे लिहिले, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत: 'हा कुष्ठरोग नाही. हा एकापासून दुसऱ्याला होत नाही.' ही ओळ मूळ इंग्रजीत नव्हती. तिच्या मार्गदर्शकांनी ती राहू दिली. रावेरच्या सहकाऱ्यांनी हिंदी प्रतीसाठी 'सफेद दाग' सुचवला. सातव्या प्रश्नात तिने 'तेल लावून आपण उन्हात पुरेसा वेळ बसता काय?' असे विचारले होते. 'पुरेसा' खोडून आम्ही मिनिटांसाठी रिकामी चौकट आखली, आणि शेजारी महिना व दिवसाची वेळ लिहायला दोन.